हद्दीचा सिलिंडर

व्हीएमवर काम केलेल्या माणसाला अर्ध्या रात्री उठवून नुसतं '११२' म्हटलं, तर तो डोळे न उघडता विचारेल, "फॉरमॅट केली होती का?" मेनफ्रेमच्या व्हीएम यंत्रणेत ॲक्सेसचा हुकूम देऊनही डिस्क उघडली नाही, की पडद्यावर हा निरोप येतो: डिव्हाइस एरर. नवखा माणूस तो खरा मानतो आणि हार्डवेअरवाल्यांच्या मागे लागतो. डिव्हाइस बहुतेक वेळा ठणठणीत असतं. डिस्क फक्त कोरी असते, कुणी फॉरमॅट केलेली नसते. किंवा कालपर्यंत ती व्यवस्थित उघडत असते आणि रात्रीतून कुणीतरी तिच्या पहिल्याच सिलिंडरवर, म्हणजे जागेच्या पहिल्याच पट्ट्यावर, भलतंच काहीतरी लिहून गेलेलं असतं. हा दुसरा प्रकार असेल तर पोटात गोळा यायचा.

निरोप आजही तोच आहे. आकडाही तोच. चार दशकांत त्याच्यामागचं सगळं बदललं, आणि मला त्याचंच नवल वाटतं.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. १९६० च्या दशकात डिस्क ही चैन होती. आयबीएमच्या २३१४ या डिस्कच्या एका पॅकमध्ये सुमारे २९ एमबी मावत, आणि यंत्रावर एकाच वेळी काम करू पाहणारी माणसं बरीच. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या चमूने सीपी-४० ही यंत्रणा उभी केली, आणि १९६७ च्या जानेवारीत ती रोजच्या वापरात आली. प्रत्येक माणसाला आपल्यापुरता एक अख्खा काँप्युटर मिळाल्याचा भास व्हावा, ही तिच्यामागची कल्पना. अख्खा काँप्युटर म्हटलं की अख्खी डिस्क आली, आणि ती प्रत्येकाला देणं परवडणारं नव्हतं. मग एका खऱ्या डिस्कचे सलग तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला 'मी शून्य क्रमांकाच्या सिलिंडरपासून सुरू होणारी स्वतंत्र डिस्क आहे' असं सोंग घ्यायला लावलं. ही मिनिडिस्क. पुढे सीपी-६७ आली, २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर झाली, आणि तिच्या वंशावळीतली झेड/व्हीएम आज चालते आहे. मिनिडिस्क प्रत्येक पिढीत राहिली.

कुणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे यूझर डिरेक्ट नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असायचं. गावच्या तलाठ्याकडे सातबारा असतो तशीच ही फाइल: कुणाच्या नावावर, कुठल्या गटात, किती क्षेत्र. तलाठ्याने आकडा चुकवला तरी जमीन जागची हलत नाही, फक्त दोन शेजारी एकाच बांधावर हक्क सांगू लागतात. इथेही नेमकं तेच व्हायचं.

मी १९८३ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्डला एका विमा कंपनीत सिस्टिम्स प्रोग्रॅमर म्हणून लागलो. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव, त्यामुळे नाव सांगण्यात तसाही अर्थ नाही. मुंबईत असताना आयबीएमचं यंत्र आमच्या वाट्याला आलं ते चोरपावलांनी. १९७८ मध्ये कंपनी भारतातून निघून गेली होती आणि पवईच्या आयआयटीत होती ती सोव्हिएत ईसी-१०३०, म्हणजे सिस्टिम/३६० ची रशियन सावत्र बहीण. मूळ यंत्र पाहण्याआधी आम्ही त्याची नक्कल शिकलो. हार्टफर्डच्या मशिनरूममध्ये पहिल्यांदा शिरलो तेव्हा ओळखीच्या माणसाचा थोरला भाऊ भेटावा तसं झालं.

ती खोली म्हणजे एक वेगळं हवामान होतं. बाहेर बर्फ असो की उकाडा, आत कायम थंडी, पायाखाली उचलता येणाऱ्या फरशा आणि त्यांच्याखाली मनगटाएवढ्या जाड केबली. मुख्य डिस्क ३३८० जातीच्या. एका ओळीत उभी कपाटं, प्रत्येक व्हॉल्यूमला ८८५ सिलिंडर, दर सिलिंडरला १५ ट्रॅक, एकंदर ६३० एमबी. कोपऱ्यात काही जुन्या ३३३० अजून जीव धरून होत्या. त्यांचे पॅक काढता-घालता यायचे. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली चकत्यांची चळत, १९ पृष्ठभाग डेटासाठी आणि एक डोक्यांना वाट दाखवण्यासाठी. एका पॅकमध्ये १०० एमबी. कपाट चालू होताना घुमायचं, आणि वाचणारी डोकी आत-बाहेर सरकायची तेव्हा अख्ख्या कपाटाला बारीक थरथर सुटायची. अनुभवी ऑपरेटर त्या आवाजावरून सांगायचे की पाच नंबरवर कुणीतरी आडवंतिडवं वाचतंय.

या पॅकांमुळे होणारा एक अनर्थ त्या काळच्या प्रत्येक मशिनरूमला माहीत होता. पॅक वाचला जात नाही. मग पॅक बिघडलाय की ड्राइव्ह? हे ठरवायला कुणी उत्साही माणूस तो पॅक शेजारच्या ड्राइव्हवर चढवायचा. पॅकचा पृष्ठभाग खरवडलेला असेल तर त्या ड्राइव्हची डोकीही जायची. आता 'खात्री करण्यासाठी' त्याच ड्राइव्हवर एक चांगला पॅक चढवला की तोही गेलाच. निदान करणाऱ्यानेच साथ पसरवायची, असा सगळा मामला. म्हणून संशयित पॅकला हात लावण्याआधी कस्टमर इंजिनिअरला बोलवायचं, हा नियम ड्राइव्हच्या दारावरच चिकटवलेला असे. 'पूर्वीचं किती छान होतं' असं कुणी म्हणू लागलं की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो.

आमच्या कामाचा गाभा मात्र मशिनरूममध्ये नव्हता, तो कागदावर होता. डिस्कमॅप नावाचं एक साधन होतं. ते डिरेक्टरी वाचून प्रत्येक व्हॉल्यूमचा नकाशा काढायचं: अमुक सिलिंडरपासून तमुकपर्यंत अमक्याची डिस्क, मग गॅप, मग पुढची, आणि कुठे दोन हद्दी एकमेकींवर चढल्या असतील तर समोर ओव्हरलॅप अशी ठळक खूण. हा नकाशा हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर छापून आमच्या म्होरक्याच्या टेबलामागे टांगलेला असायचा. म्होरक्या गोरा, उंच, कमी बोलणारा. व्हॉल्यूमवर कुणाला जागा द्यायची तर आधी त्या कागदावर पेन्सिलीने लिहायचं, मग डिरेक्टरीत. शुक्रवारी दुपारनंतर डिरेक्टरीला कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा दुसरा कायदा. पहिला कायदा वजाबाकीचा.

वजाबाकी अशी. डिस्क २०१ पासून सुरू होते आणि ५० सिलिंडरांची आहे, तर ती संपते कुठे? चटकन उत्तर येतं २५१, किंवा २५०. बरोबर २५०, कारण सुरुवातीचा सिलिंडरही मोजायचा. तेव्हा पुढच्याची जागा २५१ पासून. हे चौथीच्या गणिताइतकं सोपं आहे, आणि मी पाहिलेली यातली सगळ्यात महागडी भानगड याच गणिताची होती. कुणीतरी पुढच्या डिस्कची ओळ २५० पासून लिहिली. नकाशा न छापताच डायरेक्ट हा हुकूम दिला. तो हुकूम डिरेक्टरीचं व्याकरण तपासतो, हद्दी तपासत नाही. एकही चूक निघाली नाही. २५० क्रमांकाचा सिलिंडर आता दोघांच्या नावावर.

आणि काही घडलं नाही. कित्येक आठवडे काहीच नाही. पहिली डिस्क ॲक्चुअरी विभागातल्या एका गृहस्थांची. ती अर्धीही भरलेली नव्हती, त्यामुळे तिच्या शेवटच्या सिलिंडरला कुणी शिवत नव्हतं. दुसरी पॉलिसीचे नमुने छापणाऱ्या विभागातल्या बाईंची. वर्षअखेर आली, गृहस्थांच्या फायली फुगल्या आणि त्यांचं लिखाण २५० वर पोचलं. आता दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या सिलिंडरात काय असतं? तिचं लेबल, आणि कुठली फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या निर्देशिकेचं टोक. सीएमएस म्हणजे व्हीएमने दिलेल्या प्रत्येकाच्या काँप्युटरात चालणारी यंत्रणा; तिच्या डिस्कवर लेबल तिसऱ्या ब्लॉकात आणि निर्देशिकेचं टोक चौथ्या-पाचव्यात आलटून पालटून. ते गेलं की बाकीचे सगळे सिलिंडर शाबूत असूनही डिस्क आंधळी.

पण बाईंना त्या दिवशी काहीच कळलं नाही. सीएमएस निर्देशिका एकदाच वाचून स्मृतीत ठेवतं आणि पुढे तिच्यावरूनच चालतं. त्यांचं काम दिवसभर सुरळीत चाललं. इतकंच नव्हे, दर वेळी फाइल साठवताना निर्देशिकेचं नवं टोक परत डिस्कवर लिहिलं जात होतं, म्हणजे गृहस्थांच्या नव्या फायलींच्या मधोमध. दोघंही एकमेकांचं पुसत होते आणि दोघांच्याही पडद्यावर 'रेडी' येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी लॉगऑन केलं आणि ११२ आला.

तेव्हाचं निदान कसं चालायचं, ते या प्रसंगावरून सांगता येतं. म्होरक्याने पडद्याकडे पाहिलं, बाईंना "काल तुम्ही काही वेगळं केलंत का" असं न विचारता खुर्ची मागे वळवली आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. कागदावर २५१ लिहिलं होतं. मग डिरेक्टरीतली ओळ. तिथे २५०. बोट न उचलता तो म्हणाला, आधी शेजाऱ्याला लॉगऑफ करायला सांगा. सगळं निदान तेवढ्यात झालं. दुरुस्तीला मात्र वीकएंड गेला, कारण बाईंची डिस्क टेपवरून मूळ जागी परत आणली असती तर गृहस्थांचा शेवटचा सिलिंडर पुन्हा पुसला गेला असता. डीडीआर या प्रोग्रॅमने ती टेपवरून उचलून भलत्याच रिकाम्या जागी उतरवली, डिरेक्टरीतली ओळ बदलली, नकाशा छापला, आणि मग गृहस्थांच्या फायलींचा हिशेब लावत बसलो. ती ओळ कुणी लिहिली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो विषय कधी निघाला नाही, पण त्यानंतर नकाशाशिवाय कुणी डिरेक्टरी चालू केली नाही.

दुसरा नेहमीचा घोटाळा लिंकचा. दुसऱ्याची डिस्क आपल्याकडे जोडून घ्यायची तर लिंक करताना पद्धत सांगावी लागते: नुसती वाचायला, लिहायला, किंवा एमडब्ल्यू, म्हणजे 'आधी कुणी लिहीत असलं तरी मलाही लिहू द्या'. सीएमएसच्या डिस्कवर एमडब्ल्यू म्हणजे सरळ आत्मघात. दोघांच्या स्मृतीत दोन निर्देशिका. दोघांनाही तोच ब्लॉक मोकळा दिसतो. दोघंही तिथेच लिहितात. आणि जो शेवटी आपली निर्देशिका डिस्कवर ठेवतो त्याचं जग खरं ठरतं. व्हीएम हे होऊ देतं, कारण ही सोय ज्यांना आपसांत समन्वय साधता येतो अशा, व्हीएमच्या पोटात चालणाऱ्या पाहुण्या यंत्रणांसाठी आहे. आणि एक खाचखळगा: दुसरा कुणी लिहीत असेल तर लिंक नाकारण्याचं संरक्षण अख्ख्या मिनिडिस्कपुरतं. वेगवेगळ्या सिलिंडरपासून सुरू होणाऱ्या पण एकमेकींवर चढलेल्या दोन डिस्कांना ते ओळखत नाही. म्हणून तर वरच्या प्रसंगात कुणालाही 'डिस्क दुसऱ्याकडे लिहिण्यासाठी आहे' असा इशारा मिळाला नाही.

वाचणाऱ्यांचीही एक गंमत होती. तुम्ही सकाळी एखादी सामाईक डिस्क ॲक्सेस केलीत, दुपारी मालकाने तिच्यावर फायली बदलल्या. तुमच्या स्मृतीत सकाळची निर्देशिका. आता फाइल उघडली तर कधी वाचनाची चूक, कधी भलत्याच फायलीचा मजकूर. उपाय एकच, पुन्हा ॲक्सेस करा. हेल्पडेस्कवरच्या मुली फोन उचलल्यावर आधी हेच सांगत, बाकीचं ऐकून घेण्याआधी. आज 'बंद करून परत चालू करा' म्हणतात त्याची ती फार पोक्त आजी.

डिस्क कुठे ठेवायची हेही तेव्हा एक शास्त्र होतं. ३३८० वर डोकी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला सरासरी १६ मिलिसेकंद, आणि मग हवा तो भाग फिरून डोक्याखाली यायला सरासरी आणखी ८.३, कारण चकती मिनिटाला ३६०० फेरे घ्यायची. तेव्हा सगळ्यात वर्दळीच्या मिनिडिस्का व्हॉल्यूमच्या मध्यावर शेजारी शेजारी, आणि महिन्यातून एकदा लागणाऱ्या कडेला. एखाद्या विभागाचं काम मंदावलं तर आम्ही नकाशा पाहायचो: याच्या दोन डिस्का २० आणि ८०० सिलिंडरवर आहेत, बिचारं डोकं दिवसभर येरझाऱ्या घालतंय. एक उचलून दुसरीजवळ आणली की सकाळी त्यांचा फोन यायचा, काय केलंत? हे समाधान मला पुढे कुठल्याच कामात मिळालं नाही.

आणि आता?

३३९० ही डिस्क १९८९ मध्ये आली. दर सिलिंडरला १५ ट्रॅक, दर ट्रॅकला ५६,६६४ बाइट. तिच्या पहिल्या मॉडेलला १,११३ सिलिंडर, तिसऱ्याला त्याच्या तिप्पट, ३,३३९. चकत्यांची ती कपाटं कधीच भंगारात गेली, पण त्यांची भूमिती राहिली. आयबीएमच्या १९९४ च्या रॅमॅक या कपाटापासून १९९९ च्या शार्कपर्यंत आणि नंतरच्या डीएस८००० पर्यंत सगळ्यांनी आत लहान चकत्या, आणि आता फ्लॅश, भरली. बाहेर मात्र 'मी ३३९०' म्हणूनच ओळख सांगितली. आजच्या कपाटात फिरणारं काही नसलं तरी त्याला विचारा, ते ट्रॅक आणि सिलिंडर मोजून दाखवेल. इतकंच काय, डीएस८००० आतली जागा वाटते तेव्हाही तिचं नेहमीचं माप १,११३ सिलिंडरांचं असायचं. त्या पहिल्या मॉडेलचा आकडा कपाट गेल्यावरही खपला नाही.

मिनिडिस्क खऱ्या डिस्कचं सोंग होती. आता खरी डिस्कही सोंगच आहे. आम्ही मांडलेला तो खेळ कपाटवाल्यांनी एक मजला खाली नेला. त्यामुळे मध्यावर काय, कडेला काय, सगळं सारखंच. शेजारी शेजारी दिसणारे सिलिंडर आत कुठे विखुरलेत ते कपाटालाच ठाऊक. माझं ते येरझाऱ्यांचं शास्त्र पूर्ण निकामी झालं, आणि त्याबद्दल खंत करण्यात अर्थ नाही; ते १६ मिलिसेकंद वाचवण्यासाठीच होतं आणि ते १६ मिलिसेकंद आता उरलेलेच नाहीत.

पण सोंग टिकवायला किंमत मोजावी लागते. जुन्या डिस्कला एकच हात होता, त्यामुळे यंत्रणा एका डिस्कला एका वेळी एकच काम सांगायची. दुसऱ्याने रांगेत थांबायचं. आता आत शंभर वाटा आहेत, पण यंत्रणेच्या हिशेबी अजून हात एकच. म्हणून शार्कबरोबर एक युक्ती आली, पीएव्ही: एकाच डिस्कला अनेक खोटे पत्ते द्यायचे, म्हणजे यंत्रणेला वाटेल डिस्का अनेक आहेत आणि ती एकाच वेळी अनेक कामं पाठवील. एका जुन्या कल्पनेच्या अडचणीतून सुटायला दुसरी कल्पना. आज एखादा व्हॉल्यूम मंद झाला तर मी सिलिंडर पाहत नाही, टोपणपत्ते पुरेसे आहेत का ते पाहतो.

हद्दींचं काम डिरमेंट नावाच्या प्रॉडक्टने घेतलं आहे. ते स्वतः जुनं आहे, पण आता बहुतेक ठिकाणी त्याच्याशिवाय कुणी डिरेक्टरीला हात लावत नाही. 'अमक्याला १० सिलिंडर द्या' म्हटलं की तेच रिकामी जागा शोधतं, फॉरमॅट करवतं, डिरेक्टरी चालू करतं. वजाबाकी माणसाकडे राहिली नाही, त्यामुळे २५० आणि २५१ ची भांडणं जवळजवळ संपली. माझ्या मते या सगळ्या स्थित्यंतरातली निर्विवाद चांगली गोष्ट ही. फक्त डिरमेंटला जागा माहीत असते ती त्याच्या एक्स्टेंट कंट्रोल या फायलीतून. तिच्यात एखादा नवा व्हॉल्यूम नोंदलाच नाही, तर खोल्याच्या खोल्या रिकाम्या असूनही ते 'जागा नाही' म्हणून हात वर करतं. आणि कुणी जुन्या सवयीने डिरेक्टरी परस्पर बदलली, तर दोन नोंदवह्यांत दोन सत्यं.

नव्या सोयींनी नवे भाऊबंदही आणले. फ्लॅशकॉपीने अख्ख्या व्हॉल्यूमची प्रत क्षणात निघते. अख्ख्याची म्हणजे लेबलासकट. प्रतीचं नाव बदलायचं राहिलं आणि यंत्र नव्याने चालू केलं, की एकाच नावाचे दोन व्हॉल्यूम हजर. यंत्रणा त्यातला आधी सापडेल तो उचलते. मग माणूस लॉगऑन करून शपथेवर सांगतो की काल संध्याकाळी लिहिलेलं गायब आहे, आणि ते खरंच गायब असतं, कारण तो परवाच्या प्रतीत बसलेला असतो. आमच्या वेळी एकसारख्या लेबलाचे दोन पॅक तयार व्हायला कुणाला तरी टेप चढवून अर्धा तास बसावं लागे; तेवढ्या वेळात निम्म्या चुका सुचायच्या.

मग लिनक्स आलं. १९९९ च्या अखेरीस मेनफ्रेमवर लिनक्स चालवण्याचं काम उघड झालं आणि व्हीएमला नवं आयुष्य मिळालं. आज एका झेड/व्हीएमवर लिनक्सचे कितीतरी पाहुणे राहतात आणि त्यातल्या पुष्कळांची जागा मिनिडिस्कांवरच. पण लिनक्सवाल्यांना सिलिंडर नको असतो. ते डीएएसडीएफएमटी या हुकुमाने डिस्क फॉरमॅट करतात, तिच्यावर आपली फाइलसिस्टिम घालतात आणि व्हीएमकडे वळून बघत नाहीत. त्यांचं स्वॅप तर पुष्कळदा व्हीडिस्कवर, म्हणजे नुसत्या स्मृतीत मांडलेल्या डिस्कवर; पाहुणा लॉगऑफ झाला की ती डिस्क विरून जाते. पुढच्या वेळी ती नव्याने मांडून तयार करून द्यावी लागते, आणि ते करणारी एक्झेक फाइल प्रोफाइलमधून उडाली, की स्वॅप नाही म्हणून ओरडा.

घरी मी अधूनमधून जुनी व्हीएम/३७० चालवतो. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलिस हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर, हवं तर तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर, जुनं मेनफ्रेम उभं करतो. ३३५० जातीची आख्खी डिस्क, जिला उचलायला माणसं लागत, ती एका फायलीत. आवाज नाही, थरथर नाही. मला हे करमणुकीपलीकडे फारसं भावत नाही, पण त्याचा एक उपयोग आहे: हिंजवडीतल्या मुलांना डिरेक्टरी मोडून दाखवता येते. खऱ्या यंत्रावर ते कोण करू देणार?

ही मुलं म्हणजे एका अमेरिकन ग्राहकाची व्हीएम रात्रंदिवस सांभाळणारा पुण्याचा चमू. मी आता फक्त सल्ल्यापुरता. त्यातल्या एका मुलीचा मध्यंतरी फोन आला. कामाच्या बैठकीत ती मला नावाने हाक मारते, एरवी काका.

"काका, डेटाबेसची एक लिनक्स मशीन रोज पहाटे रीड-ओन्ली होतेय. जर्नल एरर. आठवडा झाला, तिकीट फिरतंय नुसतं."

तिने तिकीट वाचून दाखवलं. लिनक्सच्या चमूने लिहिलं होतं: आमच्याकडे दोष नाही, खालची डिस्क पाहा. स्टोरेजवाल्यांनी: कपाटात एकही चूक नोंदलेली नाही. नेटवर्कवाल्यांना यात कुणी ओढलं ते कळेना, पण त्यांनीही सगळं सुरळीत असल्याचं लिहून टाकलं होतं. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं.

"पहाटे काय चालतं तिथे?"

"बॅकअप. पण बॅकअप वेगळ्या मशीनवर आहे."

"ती मशीन ही डिस्क कशी पाहते?"

पलीकडे कळफलक वाजला. "क्वेरी लिंक्स करते... थांबा. काका, दोघंही आर-डब्ल्यू दिसतायत."

"आता बॅकअपवाल्याची डिरेक्टरी एंट्री काढ."

बॅकअपच्या पाहुण्याला डेटाबेसची २०१ या पत्त्याची डिस्क लिंकने दिलेली होती आणि ओळीच्या शेवटी एमडब्ल्यू. कुणीतरी दुसऱ्या एका पाहुण्याची एंट्री नमुना म्हणून उचलून तिच्यावरून ही केली होती. बॅकअपची मशीन पहाटे ती डिस्क माउंट करायची, तिला जर्नल अर्धवट दिसायचं, आणि ती सद्भावनेने ते 'दुरुस्त' करायची, चालत्या डेटाबेसच्या पायाखाली. १९८३ मध्ये दोन निर्देशिका भांडायच्या, इथे दोन कर्नल. तिने एमडब्ल्यूच्या जागी आरआर, म्हणजे नुसतं वाचायला, असं केलं, आणि बॅकअपसाठी चालत्या डिस्कऐवजी फ्लॅशकॉपीची प्रत देण्याची विनंती घातली. मी तेवढ्यात विचारून घेतलं, प्रतीचं लेबल कोण बदलणार? त्याचीही एक ओळ तिने त्या विनंतीत लिहिली.

फाइलसिस्टिम तपासून, डेटाबेसवाल्यांची खात्री करून सगळं मार्गी लागेपर्यंत पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. तिकीट बंद झालं होतं, आणि कारणाच्या रकान्यात 'स्टोरेज हार्डवेअर' असं निवडलेलं होतं.

"काका, यादीत डिरेक्टरी हा पर्यायच नाहीये," ती वैतागून म्हणाली. "आता स्टोरेजवाले मला मेलवर मेल टाकतायत की पार्ट कुठला बदलला ते सांगा."